पत्ता मागणार नाही

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. थोरामोठ्यांच्या पुष्कळ रोजनिशा वाचल्या. बहुतेक रटाळ आहेत. ही पेटती असेल.

मेहुण्याने नोकरी सोडून अंडी उबवण्याचं केंद्र काढलं आहे. पहिलीच खेप. कपाटाएवढं यंत्र, आत ट्रेवर ट्रे अंडी. यंत्राचा हीटर मात्र माथेफिरू. कधीकधी पेटतो तो थांबतच नाही. उष्णता वाढली की आतली पिल्लं मेली, आणि खेप मेली की मेहुणाही मेल्यातच जमा. तो दिवसभर गिऱ्हाइकं शोधत हिंडतो, यंत्रापाशी कोणी नसतं.

जेवताना मी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, की तापमान बिघडताच तुझ्या फोनवर संदेश येईल. तसं यंत्र मी करणार. आमटीची वाटी उडून बायकोच्या मांडीवर. ती म्हणाली, तुम्ही वक्तृत्वाचे वर्ग घेता, हे कधी शिकलात? म्हटलं, ज्याने भरल्या सभा पेटवल्या त्याला एक हीटर विझवता येऊ नये?

५ नोव्हेंबर
बोर्ड आला. बिस्किटाच्या पुड्याएवढा. एका अंगाला नेटची वायर, दुसऱ्या अंगाला तापमापकाच्या तारा. बाकीचा प्रोग्राम तयार मिळतो, आपण फक्त हात फिरवायचा.

वाचता वाचता डोकं तडकलं. नेटवर्कमधल्या प्रत्येक उपकरणाला आकड्यांचा एक पत्ता लागतो. तो पत्ता नेटचा राउटर वाटून देतो. बोर्डाने आधी हात पसरायचा, आणि राउटरची मर्जी होईपर्यंत साठ सेकंद ताटकळायचं. साठ! कटोरा घेऊन! मी साठ खोडून एक केलं. एका सेकंदात उत्तर दिलंस तर दिलंस, नाहीतर तू तुझ्या घरी, मी माझ्या.

काम संपल्यातच जमा.

६ नोव्हेंबर
मिळालेला पत्ता: ०.०.०.०

सात वेळा लावून पाहिलं. तेच. चार शून्यं, म्हणजे पत्ताच नाही, माझ्याच स्क्रीनवर, माझ्याच डोळ्यांसमोर. टेबलाला लाथ घातली. टेबल जिंकलं. अंगठ्याचं नख काळं पडलं.

७ नोव्हेंबर
संकल्प: राग आवरणे. माणूस रागाने नव्हे, युक्तिवादाने जिंकतो.

सकाळी ११. वायर खराब असणार. पक्कड नव्हती म्हणून दातांनी सोलली. ओठ फाटला. पत्ता: शून्यं.
सकाळी ११.२०. दुसरी वायर मुळासकट उपटली. ती टीव्हीची निघाली. सासुरवाडीहून आलेला टीव्ही. बायको बोलत नाही.
दुपारी ४. बोर्डाच्या दुकानदाराला फोन. तो म्हणाला, त्याला जरा वेळ द्या साहेब, एका सेकंदात कोण उत्तर देतं? आपल्या देशात अशा गुळमुळीत माणसांच्या हाती व्यापार गेला आहे. फोन आपटला. फोनची काच गेली.

संकल्प चालू आहे.

९ नोव्हेंबर
मेहुण्याचा फोन. दाजी, झालं का? हीटर काल पुन्हा उसळला होता, नशिबाने मी शेडमध्येच होतो. उद्या मला बाहेर जावंच लागेल. घाबरू नकोस, म्हटलं, उद्या तुझ्या शेडवर रणशिंग वाजेल. तो म्हणाला, रणशिंग नको, मेसेज आला तरी पुरे.

दिवसभर येरझाऱ्या. आणि मग उजेड पडला. मुळात मागायचंच कशाला? आपला पत्ता आपण घ्यायचा! प्रोग्राममध्ये तशी सोय आहे. पत्त्याचा शेवटचा आकडाच काय तो आपण निवडायचा. मी क्षणाचाही विचार न करता एक लिहिला. मी आयुष्यात दुसऱ्या नंबरवर कधी बसलो नाही, माझा बोर्ड का बसेल?

१० नोव्हेंबर
शेडमध्ये बोर्ड बसवला. पत्ता टिकला! शून्यं ठार.

मात्र बोर्ड लावला की शेडचं सगळं नेट बंद. मेहुण्याच्या ऑफिसचा कॉम्प्युटर बंद, कॅमेरे बंद. बोर्ड काढला की सगळं चालू. माणूस उभा राहताच सभा स्तब्ध व्हावी, तसं. मेहुणा म्हणाला, पण दाजी, मेसेज कुठाय? म्हटलं, आधी दबदबा, मग मेसेज. त्याने बाहेर जाणं रद्द केलं. माझ्याकडे बघून दातओठ खात होता. काहींना यश बघवत नाही.

११ नोव्हेंबर
मेहुण्याने नेटवाल्याला बोलावलं. मला न विचारता!

नेटवाला आला, पाहिलं, हसला. म्हणाला, काका, एक नंबर राउटरचा असतो. तुम्ही त्याच्याच दारावर तुमची पाटी ठोकलीत, आता टपाल कुठे जायचं त्यालाच कळत नाही. पन्नास नंबर घ्या, शंभर घ्या, नाहीतर त्याला नीट मागा, तो देतो. मी त्याला स्वाभिमानावर तीन मुद्दे ऐकवले. तो म्हणाला, काका, डबा आहे हो तो. मी स्क्रूड्रायव्हर भिरकावला. त्याला लागला नाही. खिडकीला लागला. तो बाइकला किक मारता मारता म्हणाला, पन्नास घ्या, ऐका माझं!

काका म्हणाला. मला.

१२ नोव्हेंबर
सकाळी ९. मेहुणा गिऱ्हाइकाकडे गेला. जाताना बजावून गेला, पन्नास टाका आणि इथून हलू नका. मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे वचन नव्हे.

सकाळी १०. शेडमध्ये मी आणि तो राउटर. भिंतीवर बसून हिरवे डोळे मिचकावतोय. याला एक नंबर दिला कोणी? निवडणूक झाली? मी भाषण सुरू केलं. अंड्यांनी शांतपणे ऐकलं. भाषण रंगात आलं आणि हातात हातोडी कधी आली कळलं नाही. पहिला घाव भिंतीवर, दुसरा माझ्या अंगठ्यावर, तिसरा बरोबर त्याच्या कपाळात. अँटेना तुटली, पोट फुटलं, दिवे विझले. चौथा घाव गरज नसताना घातला. पाचवाही.

आता एक नंबर निर्विवाद माझा! पत्ता पाहिला: आहे. अढळ. अंगठ्यातून रक्त थांबेना म्हणून डॉक्टरकडे गेलो. बोर्ड पहाऱ्याला होताच.

दुपारी ३.  परतलो तर शेडमध्ये उकडलेल्या अंड्यांचा वास. हीटर उसळला होता. बोर्डाने संदेश पाठवला होता, त्याच्या पडद्यावर तसं दिसतं. सतरा वेळा पाठवला. न्यायला राउटर नव्हता. वरचे दोन ट्रे गेले. खालचे तेवढे वाचले.

मेहुणा आला. ट्रे बघितले. राउटर बघितला. माझी कॉलर धरून मला यंत्रावर दाबलं. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने माझ्या नाकावर ठोसा दिला. खाद्याच्या पोत्यांवरून लोळत आम्ही दारापर्यंत गेलो. माझ्या चष्म्याची एक काच, त्याच्या शर्टाची बाही. मग तो एकदम सोडून खाली बसला आणि एक अंडं हातात घेऊन रडला. म्हणाला, दाजी, आत चोच आली होती हो.



१३ नोव्हेंबर
नाक सुजलं आहे. बायको म्हणाली, फक्त नाकच? तो माझा भाऊ आहे म्हणून वाचलात, मी असते तर हातोडी वापरली असती.

मेहुण्याने तात्पुरती व्यवस्था केली आहे. सासूबाई. यंत्रासमोर खुर्ची टाकून बसतात. काचेचा साधा तापमापक. साडेसदतीसच्या वर चढला की उठून बटण बंद, खाली उतरला की चालू. मेहुण्याने त्यांना विचारलं, आई, एवढे दिवस का नाही बसलीस? त्या म्हणाल्या, विचारलंस कुठे? मोठमोठी माणसं कामाला लागली होती, मी म्हटलं असेल काहीतरी.

ही व्यवस्था फार टिकणार नाही. माणसाला झोप लागते, भूक लागते. बोर्डाचं तसं नाही.

१७ नोव्हेंबर
पिल्लं बाहेर आली. उरलेल्या ट्रेंमधली जवळजवळ सगळी. मेहुण्याने मलाही बोलावलं. एक माझ्या बुटावर चढलं. नवी खेप लगेच भरली. मी नव्या राउटरकडे नजर टाकली तर मेहुणा मध्ये येऊन उभा राहिला.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, मला दुपारी जेवायला सोडवत जा. मी म्हटलं, अवश्य, त्या वेळात उष्णतेच्या इतिहासावर थोडं टिपण काढीन. मेहुणा म्हणाला, दाजी, टिपण नको, भाषण नको. खुर्चीत बसायचं, तापमापक बघायचा आणि मी फोन केला की आकडा सांगायचा. फक्त आकडा.

१८ नोव्हेंबर
दुपारी दीड. साडेसदतीस.
पावणेदोन. साडेसदतीस.