मॅडम, मी तेव्हा नाही म्हणालो होतो

प्रिय मॅडमसाब,

परवा पनवेलला तुमची शोकसभा झाली. तुमच्या भाच्याने मलाही दोन शब्द बोलायला उभं केलं. मी माईकसमोर गेलो, मॅडमनी माझा जीव वाचवला एवढंच म्हणालो आणि खाली येऊन बसलो. नंतर चहा घेताना एकाने विचारलं, गोळी कुठे लागली होती? आता त्याला काय सांगू? गोळी लागलीच नव्हती. मला जे चावलं ते डोळ्यांना दिसतही नव्हतं. तेव्हापासून ते अर्धवट बोलणं मनाला टोचतंय. म्हणून आज लिहायला बसलो. निदान तुम्हाला तरी पुरतं सांगतो.

आमची ती ईशान्येकडची डोंगरावरची चौकी तुम्हाला आठवत असेल. चहूबाजूंनी कमरेएवढं गवत, ते कापायचं, त्यातच बसायचं, त्यातच पहारा द्यायचा. त्या वर्षी पलटणीत एकामागून एक जवान तापाने पडत होते. मलेरियाच्या गोळ्या देऊनही ताप हटत नव्हता. माझ्या शेजारच्या खाटेवरचा हरीश, कुमाऊंचा हसरा पोरगा, त्यातच गेला. त्याच्या जांघेत विडीचा चटका बसावा तसा काळा डाग होता. जागा अवघड, म्हणून लाजेने त्याने तो कुणाला दाखवला नाही. आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मग तुम्ही आलात. लष्कराच्या संशोधनातल्या डॉक्टर, मेजर हुद्द्याच्या. आम्हाला वाटलं होतं, गाडीतून उतरतील, रक्त घेतील आणि जातील. तुम्ही तर जमिनीवर बसून समजावलंत. गवतातला बारीक लाल किडा चावतो, दुखत नाही, खाजतही नाही. चावल्या जागी काळी खपली धरते आणि मग ताप चढतो. त्याला स्क्रब टायफस म्हणतात. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. हरीशचं नाव न घेता तुम्ही म्हणालात, डॉक्टरपुढे शरीराला लाज नसते. त्या दिवशी किती जणांनी आपले डाग दाखवले, माहीत आहे ना?

तुम्हाला एक प्रयोग करायचा होता. निम्म्या जवानांना किडे मारणाऱ्या औषधात भिजवून वाळवलेली वर्दी, निम्म्यांना नुसत्या साध्या पाण्यात भिजवलेली. कुणाला कुठली, हे तुम्हालाही ठाऊक नसणार. त्यासाठी राजीखुशीने येणारे जवान हवे होते. आमच्या सुभेदारसाहेबांनी ते काम एका झटक्यात उरकलं. सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, तुम्ही सगळे राजी आहात!

तुम्ही ते मानलं नाहीत. साहेबांना बाहेर बसवून एकेकाला तंबूत बोलावलंत. माझी पाळी आली तेव्हा मी हिंदीत म्हणालो, हुकूम आहे, वर्दी घालतो. तुम्ही गाव विचारलंत. मी आपटा म्हटलं आणि तुमची हिंदी कुठच्या कुठे पळाली.

"म्हंजे पनवेलकडचा तू. मी मोरा बंदराची हाय, कोल्याची पोर. आता आपल्या बोलीत सांग. हुकूम बाजूला ठेव. तुला ही वर्दी घालायची हाय का नाय?"

घरापासून इतक्या लांब ती बोली कानावर पडली आणि मी खरं बोलून गेलो. "नाय."

का, ते सांगताना मान वर होत नव्हती. माझं लग्न नवं होतं. औषधाच्या कपड्याने मूल होत नाही, अशी कुजबूज बराकीत चालली होती. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही हसला नाहीत. औषधाबद्दल काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, सगळं सांगितलंत. मूल न होण्याची गोष्ट कुठे दिसलेली नाही, हेही सांगितलंत. मी तरीही नाहीच म्हणालो. घाबरलेला माणूस काय ऐकतो?

"तुझा नाय मला मान्य हाय," तुम्ही म्हणालात. "जा, पाठव पुढच्याला."

मॅडमसाब, फौजेत मला खूप काही मिळालं. पण तुला काय वाटतं, असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. घरीही नाही, शाळेतही नाही. त्या तंबूतून बाहेर पडताना माझी छाती दोन बोटं फुगली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सुभेदारसाहेब मात्र भडकले. पलटणीची अब्रू घालवली म्हणून मला शिक्षेच्या कामाला जुंपणार होते. ते ऐकून तुम्ही थेट कमांडिंग ऑफिसरकडे गेलात. नाही म्हणणाऱ्या एकाही जवानाला शिक्षा झाली, तर मी सामान बांधून परत जाईन, असं तुम्ही त्यांना सांगितल्याचं मला मागाहून कळलं. नाईक हुद्द्याच्या कुठल्या एका जवानासाठी आपल्या कष्टाचं काम पणाला लावलंत! शिक्षा टळली.

आणि थोड्याच दिवसांत मीच पडलो. डोकं फुटेल असं दुखणं, अंगात आग, शुद्ध येतेय जातेय. पट्ट्याखाली कमरेवरची काळी खपली तुम्हीच शोधलीत आणि गोळ्या सुरू केल्यात. डोळे उघडले की तुम्ही नाडी बघत असायचात. मी वाट पाहत होतो, आता म्हणतील, बघ, ऐकलं असतंस तर? तुम्ही फक्त कपाळावरची ओली पट्टी बदललीत. शेवटी मीच विचारलं, वर्दी घातली असती तर या तापातून वाचलो असतो का?

"मला काय ठाऊक?" तुम्ही म्हणालात. "तुला पाण्यातलीबी मिळाली असती. त्याचा विचार करू नको. पेज पी."

ताप उतरला. मी घरी गेलो, पुढे दोन मुली झाल्या, आज नातवंडं आहेत. हे सगळं त्या पेजेच्या पुढचं आयुष्य आहे.

प्रयोग संपल्यावर तुम्ही पुन्हा तेवढा डोंगर चढून चौकीवर आलात, ते मी विसरलो नाही. ज्यांच्या अंगावर प्रयोग केला, त्यांना निकाल आधी कळला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. औषधाच्या वर्दीवाल्यांत ताप कमी आला, पण पुरता थांबला नाही, असं सरळ सांगितलंत. मग ती वर्दी मी मागून घेतली. तुम्ही नुसतं हसलात.

निवृत्त होऊन तुम्ही पनवेलला राहायला आलात, हे माझं भाग्य. पाताळगंगेच्या पुराचं पाणी आपट्यात शिरलं तेव्हा गमबूट घालून तुम्ही दारोदार फिरलात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, ताप आला तर अंगावर काढू नका, हे पाठ केल्यासारखं प्रत्येक घरात सांगत होतात. थंडीत माझ्या शेतावर पोपटीला यायचात. जाळात भाजलेलं मडकं उघडलं की वालाच्या शेंगा आधी तुम्हाला. पण बसायच्या आधी गवत कापून घ्यायला लावायचात! माझी बायको म्हणायची, बाई फौजेतून सुटल्या, फौज काय बाईंतून सुटली नाय.

एका गोष्टीचा राग आहे, तो आज बोलतो. दुखणं लपवू नका म्हणून साऱ्या मुलखाला सांगणाऱ्या तुम्ही, स्वतःच्या पोटातलं दुखणं वेळेत कुणालाच का सांगितलं नाहीत? तुमच्या भाच्यालाही नाही? मला फोन केला असता तर मी आपट्याहून धावत आलो नसतो का? कोळ्याची पोर तुम्ही, दर्याला घाबरला नाहीत, मग कशाला घाबरलात? की आम्हाला त्रास नको म्हणून? हे असले हिशेब तुम्ही नको करायला होते.

इस्पितळात शेवटचा भेटलो, तेव्हाही तुम्ही कामाचंच बोललात. आपल्या भागातल्या तापाची पाहणी करायची तुमची फार इच्छा होती. तुमची डॉक्टर विद्यार्थिनी ती पाहणी सुरू करणार, तिच्यासोबत गावात आणि वाडीवर फिर, असं मला सांगितलंत. मी म्हणालो, काळजी नको, सगळ्यांकडून हो घेतो. तुम्ही क्षीण आवाजात रागावलात.

"हो घ्यायला नाय पाठवत तुला. इचारायला पाठवतेय."

सोमवारपासून त्या डॉक्टरबाईंबरोबर जातोय. माझं रक्त त्यांनी काल तपासणीसाठी घेतलं. आमच्या आळीतली नमा मावशी मात्र हातच पुढे करत नाही. रक्त दिलं की अंगातली ताकद जाते म्हणते. तुमच्यासारखंच सगळं सांगून पाहिलं, तरी तिचं नाहीच.

तुम्हाला वचन देतो. नमा मावशीला कुणी टोचून बोलणार नाही, मीही नाही. तिच्या ओटीवर चहा पिऊन पुढच्या घरी जाईन. आणि उद्या तिलाच ताप आला, तर सगळ्यांच्या आधी तिला माझ्या गाडीतून पनवेलला घेऊन जाईन.

तुमचाच,
दत्ता म्हात्रे
नाईक (निवृत्त), आपटा