जैसवर न पडलेला बर्फ

बाबा, तुम्ही गेल्यानंतरच्या वर्षांत माणसं हवामानाची शौकीन झाली. तुम्हाला हे सांगितलं असतं तर चष्म्यावरून बघत तुम्ही विचारलं असतं, "शौकीन म्हणजे नक्की करतात काय?" काही करत नाहीत. मोबाईलवर रंगीत नकाशे उघडतात, त्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात आणि आपल्याला हवं ते घडणार असं ठरवून टाकतात. तुम्ही एकतीस वर्षं सरकारी वेधशाळेत निरीक्षक होतात. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला अंगणातल्या त्या पांढऱ्या लाकडी पेटीचं दार उघडून पारा वाचायचात, मान वर करून आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी भरलेत ते लिहायचात, आणि घरात येऊन चहा प्यायचात. एवढ्या वर्षांत हवामान मला आवडतं असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. अमुक पडावं, तमुक थांबावं, असंही नाही. मला वाटायचं तुम्हाला त्यात रसच नाही. आता इथली ही रसिक मंडळी बघतो तेव्हा तुमचं ते गप्प राहणं समजतं.

मी अबुधाबीत राहतो. आखातातल्या मराठी माणसांसाठी एक बातम्यांची वेबसाइट आहे, तिच्यासाठी लिहितो. बर्फाबद्दल तुम्हाला लिहितोय आणि पत्ता वाळवंटातला आहे, याचं तुम्हाला हसू येईल. पण इथे उत्तरेला जेबेल जैस नावाचा डोंगर आहे, या देशातला सगळ्यात उंच. काही वर्षांतून एखाद्या थंड दिवशी त्याच्या माथ्यावर पांढरा थर दिसतो. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली की संपतो. तेवढ्या भांडवलावर दर जानेवारीत शे-दोनशे शिकलेसवरलेले लोक वेडे होतात. त्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात मीही आहे, कारण त्यातून बातमी मिळते. ग्रुपचा अॅडमिन पुण्याचा. अल रीम आयलंडवर चाळिसाव्या मजल्यावर राहतो आणि एका बँकेत रिस्क बघतो. कर्ज बुडेल का याचा अंदाज बांधायचा पगार घेणारा हा माणूस बर्फाच्या बाबतीत कुठलीही जोखीम मानत नाही. "सगळं जांभळं आहे, गाइज! जांभळं म्हणजे स्नो!" असं लिहितो. खाली साठ-सत्तर अंगठे. दोन दिवसांनी नकाशातलं जांभळं ओमानकडे सरकतं, मग पुसट होतं, मग हिरवं होतं. हिरवं म्हणजे साधा पाऊस. ग्रुपवर सुतकी शांतता पसरते. कुणीतरी लिहितं, "मॉडेलने पुन्हा फसवलं." जणू अंदाज बांधणाऱ्या त्या संगणकाच्या मॉडेलने यांच्या दारात येऊन शब्द दिला होता.

यंदा जानेवारीत असंच जांभळं झालं. रविवारी जैसवर बर्फ, असं ग्रुपने जाहीर केलं. इथलं हवामान खातं म्हणत होतं, उंच भागात थंडी आणि हलका पाऊस. मी आकडे बघितले. माथ्यावरचं तापमान चार-पाचच्या खाली उतरायची चिन्हं नव्हती, आणि ओल होती तीही कमीच. पडणार नव्हता. तुमच्या घरात वाढलेल्याला हे कळायला नकाशा लागत नाही.

गुरुवारी दुपारी मुसफ्फ्यातून, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीतून, एका फिटरचा फोन आला. हा निफाडकडचा. बावीस वर्षं इथल्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काढली. पूर्वी मी त्या भागावर लेख लिहिला तेव्हा ओळख झाली, आणि माझे वडील वेधशाळेत होते हे कळल्यापासून तो मला जरा जास्तच मान देतो. "दादा," तो म्हणाला, "सोमवारी सकाळी माझं विमान हाये. फायनल एक्झिट. आता परत येणं न्हाई. रविवार तेवढा हातात हाये. पडंल का ओ खरंच?"

मी म्हटलं, "तुला कशाला बर्फ? निफाडला थंडीत द्राक्षाच्या पानावर दव गोठतं म्हणतोस ना?"

"ते गोठतं. पडत न्हाई. बावीस वर्सं इथं ऊन खाल्लं दादा, जाताना एकदा बरफ पडताना बघून जावं म्हटलं." मग म्हणाला, "दुसरं असं, की रुवैसला भाईकडं पण जायचंय. रविवारची गाडी हाये. दोन्ही तर व्हायचं न्हाई. तुम्ही सांगा."

रुवैस पश्चिमेला, जैस उत्तरेला, आणि दोन्हीकडे जायला दिवस पुरत नाही. भाई म्हणजे केरळचा एक म्हातारा वेल्डर. फिटर इथे नवा आला तेव्हा त्याने याला खोलीत जागा दिली, काम शिकवलं, पहिल्या उन्हाळ्यात हा रडत परत निघाला होता तेव्हा याचं पोतडं लपवून ठेवलं. अकरा वर्षं दोघं वरच्या-खालच्या खाटेवर झोपले. आता त्याच्या मूत्रपिंडाचं दुखणं आहे, प्रवास जमत नाही. एक केरळचा, एक निफाडचा. इथून गेल्यावर भेट होण्याचं काही कारणच उरत नाही. हे सगळं फिटरने मला फोनवर सांगितलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी काय सांगितलं, बाबा? म्हटलं, "संध्याकाळी बातमी टाकतोय. वाच आणि ठरव."

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधून संपादकांचा फोन येऊन गेला होता. "बर्फाचं काय? सगळे तेच वाचतायत. यल्ला, आटप, साडेपाचला हवंय मला." मी म्हटलं, पडणार नाही. ते म्हणाले, "हबीबी, पडणार नाही ही बातमी कोण उघडेल? तू पडणार असं लिहू नको, तसं मी म्हणतच नाही. तुला जमतं ते." जमतं खरं. पस्तीस वर्षांचा हात आहे. मी लिहिलं की रविवारी जैसच्या माथ्यावर हिमवृष्टीची शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य आमच्या धंद्यात रोज वापरतात. त्यात खोटं काही सापडत नाही आणि खरंही काही नसतं. वाचणाऱ्याने ते आपल्या आशेप्रमाणे वाचायचं आणि आपण नामानिराळं राहायचं. पावणेसहापर्यंत शेकडो लोकांनी ते पुढे पाठवलं होतं. सहाला फिटरचा निरोप आला: "वाचलं दादा. तुमच्या नावानं हाये म्हंजे बघायलाच नको. भाईला सांगून टाकलं, न्हाई येत."

हे वाचून मला ती डिसेंबरातली सकाळ आठवली. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या सुट्टीत घरी. तुम्हाला ताप होता आणि साडेआठचं वाचन घ्यायला तुम्ही मला सांगितलं होतंत. बाहेर कडाक्याची थंडी. मी रजईत रेडिओवर क्रिकेट ऐकत बसलो आणि वहीत किमान तापमान बसल्या जागी लिहून टाकलं. आदल्या दिवशीच्या आकड्यात थोडं इकडेतिकडे केलं. अगदी पटेल असा आकडा होता. नऊला तुम्ही शाल गुंडाळून अंगणात गेलात. किमान तापमानाच्या नळीत ती बारीक काडी असते, वाचन झालं की नळी कलती करून ती जागेवर आणायची. ती जागेवर आणलेली नव्हती, म्हणजे पेटी कुणी उघडलीच नव्हती. तुम्ही आत आलात, माझ्या आकड्यावर एक सरळ रेघ मारलीत, खाली वाचन उशिरा घेतल्याचा शेरा आणि स्वतःची सही. पुण्याच्या कचेरीतून त्याबद्दल तुम्हाला खुलासा मागणारं पत्र आलं. घरी तुम्ही ओरडला नाहीत. जेवताना ताटातली भाकरी मोडत एवढंच म्हणालात, "तुला थंडी वाजत होती, ते मला कळतं. गेला नाहीस, तेही चाललं असतं. जागा रिकामी ठेवायची. कुणीतरी त्या आकड्यावर काहीतरी ठरवणार असतं." आई म्हणाली, जाऊ दे आता. तुम्ही म्हणालात, "जाऊच देतोय." आणि महिनाभर मला पेटीच्या जवळ जाऊ दिलं नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी मी फोन उचलून फिटरला सांगू शकलो असतो, की पडणार नाही, तू रुवैसला जा. शुक्रवारी सांगू शकलो असतो. शनिवारी मी त्याला फोन केला तो किती वाजता न्यायला येऊ हे विचारायला.

रविवारी सकाळी मुसफ्फ्याहून निघालो. त्याने नवीन जॅकेट घेतलं होतं, घरी थोरल्या मुलाला होईल म्हणून. तीन तास बोलत होता. पुढे वर चढणारा तो वळणावळणाचा सुंदर रस्ता, आणि त्यावर गाड्यांची रांग. माथ्याजवळच्या पार्किंगमध्ये ग्रुप जमला होता. बाबा, तुम्ही ही माणसं बघायला हवी होती. ध्रुवावर निघाल्यासारखे कोट, गुडघ्यापर्यंत बूट. एका बाईंनी हिममानवाच्या नाकासाठी गाजर आणलं होतं आणि गळ्यासाठी मफलर. अॅडमिनच्या हातात वाऱ्याचा वेग मोजायचं एक चिमुकलं यंत्र. ते तो लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखं सगळ्यांच्या तोंडासमोर फिरवत होता. गाडीतला काटा आठ अंश दाखवत होता. मी त्याला म्हटलं, "आठ आहे." तो म्हणाला, "सर, नेगेटिव्ह नको ना. वरच्या लेयरमध्ये बघा काय चाललंय." वरच्या लेयरमध्ये बघायला तो स्वतः गेला असता तर निदान खाली शांतता झाली असती.

दोन वाजता ढग आले आणि गारांची एक सर पडली. वाटाण्याएवढ्या. पाच मिनिटं. पार्किंगमध्ये आरडाओरडा सुरू झाला, "स्नो! स्नो!" माणसं हात पसरून गोल फिरायला लागली. अॅडमिन रडायच्या बेतात होता. त्याची लहान मुलगी गाडीच्या काचेतून म्हणाली, "पपा, दॅट्स नॉट स्नो, दॅट्स हेल. वी डिड इट इन स्कूल." त्याने काच वर करायला सांगितली.

फिटरने गाडीच्या बॉनेटवरून दोन दाणे उचलले, तळहातावर घेतले आणि माझ्याकडे बघितलं. "ह्या तर गारा हायेत, दादा. आमच्या बागा झोडपतात त्या." मग तसाच हात पुढे करून उभा राहिला, अजून काही येईल म्हणून. आला तो साधा पाऊस. तोवर त्या गाजरवाल्या बाईंच्या नवऱ्याने थर्माकोलचा डबा उघडला होता. पेट्रोल पंपावरून आणलेली बर्फाची पिशवी त्याने खडकावर उपडी केली, पायाने बर्फ चेचला, आणि बाईंनी त्याच्याजवळ बसून मूठभर वर उडवला. नवऱ्याने व्हिडिओ घेतला. नीट आला नाही म्हणून परत उडवला. आम्ही डोंगर उतरेपर्यंत तो व्हिडिओ ग्रुपवर आला होता, खाली "फायनली!!" आणि अंगठेच अंगठे. यांना ना आकाशाची पर्वा, ना थंडीची. त्यांना फक्त आपलं म्हणणं खरं झालेलं हवं असतं, आणि ते पंपावर पिशवीत मिळतं.

परतीच्या वाटेवर, ऊन कलत असताना, फिटरने भाईला फोन लावला. स्पीकरवर. तिकडून खोकल्याचा आवाज, मग, "गिरा क्या?"

"नहीं भाई. थोडा गारा गिरा, खलास."

म्हातारा हसला. "मैं बोला था ना, पागल. इधर कौन सा बरफ." मग म्हणाला, "मैंने मछली बनाया था. सोचा, शायद तू इधर ही आ जाए."

 भाईने विचारलं, सामान किती झालं, विमानतळावर कोण सोडणार. मग म्हणाला, "ठीक है. अच्छे से जा," आणि फोन ठेवला.

 मग फिटरने अॅडमिनला शिव्या द्यायला सुरुवात केली. निफाडच्या अस्सल शिव्या, बाबा, त्याच्या चाळिसाव्या मजल्यासकट, त्या यंत्रासकट. "ह्या येड्यांमुळं," तो म्हणाला. "ह्यांनी उठवलं म्हणून तुमच्यासारख्या माणसाला पण छापावं लागलं." त्याने मला सोडवून टाकलं होतं. आपणहून.

मी म्हणालो, "असलीच माणसं असतात ती."

मुसफ्फ्यात गेटवर उतरताना त्याने माझे दोन्ही हात धरले आणि निफाडला यायचं वचन घेतलं. सोमवारी मी वेबसाइटसाठी त्या ग्रुपबद्दल एक लेख लिहिला, गाजर, बर्फाची पिशवी, सगळं घालून. चांगला जमला. खूप वाचला गेला. त्याखाली फिटरचा पण अंगठा होता, गावाहून.

हे सगळं त्याला लिहायला हवं. त्याचा नंबर माझ्याकडे आहे, तो वाचेल, आणि वाचून फोन करेल. म्हणून तुम्हाला लिहितोय.