मीठ बघणारी

शिरूर,
१२ ऑक्टोबर २००३

चि. प्रतिभास,
ताईचे अ. उ. आ., वि. वि.

कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की आपण दोघी पांढऱ्या मोज्यांसकट बाबांच्या वावरात पळत सुटायचो, ते तुला आठवतं का? खतासाठी तिथं वाघरीचं जाळं लावून मेंढ्या बसवलेल्या असायच्या. एकदा तू बांधावर बसून मोज्यांतली कुसळं काढत होतीस. बयाबाई चाती फिरवत लोकर कातत होती. मध्येच उठून तिनं आपल्या दोघींत मिळून जर्मनची एक वाटी काळा चहा दिला. साखर नव्हती. तू तोंड वाकडं केलंस, तेव्हा ती म्हणाली की मडमांनो, धनगराच्या पालावरनं कुणी रिकाम्या तोंडानं जात नसतं. त्या दिवशी दुसरं काहीच घडलं नाही, पण मला तो दिवस आठवतो.

काल तीच बयाबाई मला मार्केट यार्डात दिसली. इथं काय चाललंय ते आधी सांगते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. गावोगावची माणसं कामासाठी शिरूरला येऊन बसलीत आणि काम नाही. तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी, मशिदीतल्या मौलानांनी आणि खंडोबाच्या गुरवांनी मिळून दुपारची खिचडी सुरू केली. डेग मशिदीची, सरपण देवळाचं, डाळ-तांदूळ बाजारातल्या जैन शेटजींचे, आणि राबायला आम्ही बायका. कुणाच्या अंगणात शिजवायचं यावरून थोडी कुरबुर झाली. यंदा कांदाच न आल्यामुळं यार्डातली शेड रिकामी होती, ती मिळाली आणि भांडण मिटलं. शेटजींसाठी कांदा-लसूण बंद आहे. डेगेवरची मुख्य जैतूनबी. ती म्हणते की बिनलसणाचं म्हंजी आजाऱ्याचं खाणं, पण भुकेला पथ्य चालतं.

बयाबाई भिंतीला टेकून उभी होती. वाळून अगदी काटकी झालीय. मेंढ्या चाऱ्याअभावी विकल्या. मल्हार, तिचा मुलगा, रांजणगावला एका कंपनीत कंत्राटावर आहे, एका खोलीत आठ जणांत राहतो. ती नदीकडेला झोपडीत एकटी. मी पत्रावळ पुढं केली तर तिनं हात मागं घेतले. म्हणाली, माझ्या हातात द्यायला काय न्हाई, मग घेऊ कशी? मी खूप विनवलं. शेवटी ती हसली आणि मलाच विचारलं, बाई तू जेवलीस का? आणि गेली.

आज पुन्हा येऊन भिंतीशी उभी राहिली. वास घेते आणि जाते. मला काही सुचत नाही गं.

ज्ञानेशरावांचा गुडघा कसा आहे? मुलांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
ललिताताई


दौंड,
२० ऑक्टोबर २००३

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र वाचून दिवसभर तोंडाला त्या काळ्या चहाची चव येत होती. मी तोंड वाकडं केलं हे खरं, पण वाटीतला मोठा घोट तू घेतला होतास, हेही लिहायचं होतंस.

इकडे चर्चच्या बायकांनी रेल्वे कॉलनीत मुठीचा डबा फिरवायला घेतला आहे. चुलीवर धान्य चढवताना घरटी एक मूठ बाजूला. गुरुद्वाऱ्यातल्या सरदारजींनी हे ऐकलं आणि आपला पंजा उघडून विचारलं की बीबीजी, मूठ छोट्या हाताची की मोठ्या हाताची? दुसऱ्या दिवशी पोतंच पाठवलं. शुक्रवारी टेम्पोनं सगळं तुझ्याकडे येईल. ह्यांचा गुडघा त्यांच्या तोंडापेक्षा कमी कुरकुरतो.

आता बयाबाईचं. ताई, मी हॉस्टेलला नवीन होते तेव्हा आठवडाभर जेवत नव्हते, आठवतंय? तू रडून थकलीस. सिस्टर फिलोमिना रागावल्या नाहीत. मला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाल्या की आमच्या आचाऱ्याला सर्दी झाली आहे, तू जरा डाळीचं मीठ बघ. मी चमचाभर डाळ चाखली. मग भाजीचं बघ, मग डाळीचं पुन्हा बघ. असं मीठ बघता बघता माझं पोट कधी भरलं, मला कळलंच नाही.

बयाबाईला जेवायला बोलावू नकोस. कामाला बोलाव. मीठ बघायला माणूस नाही म्हणून सांग. बघ ती येते की नाही.

लोभ आहेच, तो धाकटीवर जास्त असू द्यावा.
तुझी
प्रतिभा


शिरूर,
६ नोव्हेंबर २००३

चि. प्रतिभास,
अ. उ. आ., वि. वि.

बाई, तू आणि तुझ्या सिस्टर फिलोमिना, दोघींना माझा दंडवत!

गंमत अशी की मला खोटंही बोलावं लागलं नाही. रमजान लागला, जैतूनबीचा आणि तिच्या जावांचा रोजा, त्या जिभेला काही लावत नाहीत. देवळाकडून येणारी कस्तुराबाई आणि तिच्याबरोबरच्या माळिणी खंडोबाला नैवेद्य गेल्याशिवाय चाखत नाहीत. राहिले मी, तर रक्तदाबापायी डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलेलं, मला सगळंच खारट लागतं. पहिल्या रोज्याला मी बघितलेली खिचडी इतकी अळणी झाली की एका म्हाताऱ्यानं विचारलं, मिठाचा बी दुष्काळ पडला का?

मी बयाबाईच्या झोपडीत गेले आणि अडचण सांगितली. मग उठून तिनं फडताळातून तीच जर्मनची वाटी काढली, पदरानं पुसली आणि माझ्यापुढं चालू लागली.

शेडमध्ये कस्तुराबाईनं हरकत घेतली, की देवाच्या आधी हिनं उष्टं कसं करायचं? बयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली की खंडोबानं आमची बाणाई केली, म्हंजी देव आमचा जावई. जावयाच्या ताटातलं मीठ सासुरवाडीनं न्हाई बघायचं तर काय गावानं बघायचं? जैतूनबी इतकी हसली की तिची रोज्याची तहान वाढली. तेव्हापासून कस्तुराबाई बयाबाईला विहीणबाई म्हणते.

आता रोज डेग उतरायच्या आधी ती येते. वाटीत घासभर घेते, डोळे मिटते, सगळ्या बायका हातातलं काम थांबवतात. मग ती म्हणते, व्हय, चाललं. किंवा म्हणते, अजून एक मूठ, आन् ती बी भीत भीत टाक. कालपासून पोरं तिला मीठवाली आजी म्हणायला लागलीत. पाठ ताठ झालीय तिची. मी अगदी निश्चिंत झाले आहे.

धान्य मिळालं. सरदारजींना माझा सलाम सांग. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझी
ललिताताई


दौंड,
१५ नोव्हेंबर २००३

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. जावयाचं ऐकून हे म्हणाले की माझ्या सासुरवाडीनं माझं मीठ कधी बघितलं?

इकडे मुठी बारीक होत चालल्या आहेत ताई. कुणी नाही म्हणत नाही, पण डबा उशिरा भरतो. आमच्या शेजारणीनं काल मूठ घातली आणि हात डब्यातच थोडा वेळ ठेवला. मी दुसरीकडे पाहिलं. पुढचा टेम्पो अर्धा येईल, रागावू नको.

एक विचारायचं राहिलं. बयाबाई वाटीतलं चाखते हे तू लिहिलंस. नंतर ती पंगतीला बसते ना? पोटभर जेवते ना? मला सिस्टर पुन्हा पुन्हा चाखायला लावायच्या. तू ते लिहिलं नाहीस, म्हणून मनाला लागून राहिलं आहे.

उलट टपाली लिही. तुझ्या शब्दाची वाट बघणारी
प्रतिभा


शिरूर,
३० नोव्हेंबर २००३

चि. प्रतिभास,
अ. उ. आ., वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पंधरा दिवस लागले. मलाच ते ठाऊक नव्हतं. वाढायच्या गर्दीत मी कधी बघितलंच नाही. मी धरून चालले होते की कस्तुराबाई वाढत असेल, कस्तुराबाई धरून चालली होती की जैतूनबी वाढत असेल.

ईदच्या दुसऱ्या दिवशी बयाबाई डेगेपाशी कोसळली. वाटी हातात तशीच. सरकारी दवाखान्यात नेली, तर डॉक्टर म्हणाले की पोटात कित्येक दिवसांत काही गेलेलं नाही. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, ही रोज आमच्या खिचडीवर असते.

मग तिची शेजारीण कुशाबाई आली. तिनं सगळं सांगितलं. कुशाबाई तिला रोज सकाळी चतकोर भाकरी द्यायची आणि ही तिची शेळी सांभाळायची, त्यामुळं ते तिला चालायचं. मीठ बघायचं काम मिळालं त्या दिवसापासून हिनं ती भाकरी बंद केली. शेळी मात्र सांभाळत राहिली. कुशाबाईला म्हणाली की पोटात काय असलं की जीभ खोटं बोलती. येवढ्या लेकरांचं अन्न माझ्या जिभंवर हाय, तवा उपाशीच जायला पायजे. आणि चाखून झाल्यावर पंगतीला? तर चाखणाऱ्याचं जेवण आधीच झालेलं असतं, म्हणे. त्यानं दोनदा घ्यायचं नसतं.

प्रतिभा, तिला तेवढी चतकोर तरी मिळत होती. आपण तिला मान दिला आणि भाकरी काढून घेतली.

पाळकसाहेब आले, तिच्या उशाशी बसून प्रार्थना केली आणि म्हणाले की अन्न हे देवाचं दान आहे. मौलाना आले, म्हणाले की आजाऱ्याला रोजासुद्धा माफ आहे. गुरवांनी चंपाषष्ठीचा भरीत-रोडग्याचा प्रसाद आणला. तिनं तिघांना हात जोडले, तिघांचं थोडं थोडं वाटीत घेतलं, चाखलं, आणि गुरवांना म्हणाली की भरतात मीठ कमी हाय. त्यापुढं घास घेतला नाही.

मल्हार आला होता. पायाशी बसून राहिला. म्हणाला, बाई, आई लहानपणापास्नं अशीच, तिला कोण सांगणार? त्याला सुट्टी एकाच दिवसाची होती.

मी तिला माझ्या घरी आणलं आहे. पेज करते, चमच्यानं भरवते. दोन चमचे घेते आणि म्हणते, चाललं. मीठ बरोबर हाय. मी म्हणते, मीठ बघायला नाही दिलं, पोटाला दिलंय. ती माझ्याकडं बघून हसते.

तुला दोष देत नाही गं. तू आठ वर्षांची होतीस, तुला पोट भरायचं होतं. तिला काम करायचं होतं. हे मला कळायला हवं होतं का? मला अजून कळत नाही.

प्रार्थनेत तिचं नाव घे. मलाही धर.
तुझी
ललिताताई


दौंड,
८ डिसेंबर २००३

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

मी रविवारी निघते आहे. शिरूरची एसटी मिळाली नाही तर केडगाव-चौफुल्यावरून बदलून येईन. येताना काळा चहा आणि गूळ आणते. तिला म्हणेन की मावशी, तुमची ती मडम आली आहे, तिच्याकडे तुमचा एक चहा फिरतो. फेडल्याशिवाय मी जाणार नाही. घेतलेलं परत करतात, ते तरी ती नाकारणार नाही ना? ताई, एवढं एकच मला सुचतं आहे.

तोवर तिला सांभाळ. स्वतः दोन घास खा.
तुझीच
प्रतिभा


शिरूर,
२१ डिसेंबर २००३

चि. प्रतिभास,
अ. उ. आ., वि. वि.

तू परत गेलीस आणि चौथ्या दिवशी पहाटे बयाबाई गेली. मी शेजारी होते. त्रास झाला नाही.

तुझा चहा ती अख्खी वाटी प्यायली, हे मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. या दोन महिन्यांत तिच्या पोटात काही मागं न ठेवता गेलं असेल तर तेवढंच. तू निघाल्यावर ती मला म्हणाली की धाकटी मडम साखर जास्त घालती, पण बिचारीनं ध्यानात ठिवलं. तू आणलेला गूळ होता, हे मी सांगितलं नाही.

तिच्या मातीला गुरव होते, मौलाना होते, आमचे पाळकसाहेब होते, शेटजींचा मुलगा अनवाणी आला होता. सगळ्या गावाची डेग मिळून एका बाईचं पोट भरू शकली नाही.

खिचडी त्या दिवशीही शिजली. बाहेर माणसं बसलेली, त्यांना काय सांगणार? ईदनंतर मीठ जैतूनबी बघत होती, पण त्या दिवशी मीठ घालायची वेळ आली तशी तिनं डाव हातात घेतला आणि कस्तुराबाईकडं बघितलं, कस्तुराबाईनं माझ्याकडं. कुणी पुढं झालं नाही. खिचडी तशीच अळणी वाढली. पंगतीतल्या सगळ्यांनी खाली मान घालून खाल्ली आणि एकानंही मीठ मागितलं नाही.

नाताळची करंजी यंदा करणार नाही. तू केलीस तर डबा पाठव, मुलांना खायला घालीन. दूर असलीस तरी जवळची राहा.
तुझी
ललिताताई

ता. क. शेवटच्या संध्याकाळी तिनं मला समोर बसवून कुणाला काय द्यायचं ते सांगितलं. म्हणाली, फुकटचं गेलं असं नगं. घोंगडी जैतूनबीला, नमाजाला गुडघ्याखाली मऊ पडेल म्हणून. भंडाऱ्याची पिशवी मल्हारला. लुगड्याची चांगली बाजू फाडून कस्तुराबाईला, डेग उतरवताना तिचे हात भाजतात. चाती तुला, टेम्पोवाल्याजवळ पाठवली आहे, जपून घे, टोक बारीक आहे. मला तिनं काही ठेवलं नाही. म्हणाली, तू माझ्याकडं बघितलंस, तुझं झालं.

जर्मनची वाटी कुशाबाईला. बयाबाईमागं मीठ तिनं बघायचं, आणि तिला बजावून सांगायचं की सकाळी काय खाऊन येऊ नगं. वाटी मी आजच तिच्या घरी पोचवली. निरोप पोचवला नाही.