घमेल्यांची रांग

कर्जत,
दि. ९ फेब्रुवारी १९७३

चि. गहिनीनाथ यास कडूताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. ट्रकखाली सापडलेली आमच्या कामावरची रंगुबाई दवाखान्यातून घरी आली, पण पाय गेला तो गेला. दुष्काळी कामावर खडी फोडायच्या आवाजात मागून येणारा ट्रक कुणाला ऐकू येणार? म्हणूनच तू कॉलेजातून ते रडारचं यंत्र आणलंस, गाडी लांब असतानाच घंटा वाजवणारं. मला तुझा अभिमान वाटला. हे आधीच लिहून ठेवते, पुढचं वाचल्यावर तुला खरं वाटणार नाही.

तुझ्या वर्गातली पुष्पावती सोबत आली होती. मनगटावर घड्याळ, हातात वही, माझ्याच वयाची. मी यंत्र बघायला वाकले तर म्हणाली, "ताई, जरा बाजूला व्हा हं, तुम्हाला नाही कळायचं." गोड बोलली, म्हणून जास्तच लागलं. आणि तू हसलास. गहिनी, तुझी त्रैराशिकं कोण सोडवून द्यायचं रे?

दोन दिवस रस्ता मोकळा असतानाही घंटा खणखणत राहिली. रांगेत माझ्या शेजारची छबूबाई म्हणाली, "ह्याला बी आमच्यावानी उन्हाची भवळ आली जनू!" बायका हसल्या. तू तारा उचकटून पाहिल्यास, शेवटी बिघडलं म्हणून यंत्र परत नेलंत. जाताना पुष्पावती जीपमध्ये तोंड फिरवून रडत होती.

मला पहिल्याच दुपारी कळलं होतं. आम्ही पाणी प्यायला बसलो की घंटा गप्प. उठून हातोहात घमेली द्यायला लागलो की सुरू. आमची रांग यंत्राच्या तोंडासमोरच होती. हलणारी लोखंडी घमेली त्याला गाड्याच वाटत होत्या. रांग यंत्राच्या मागे घेतली असती तर काम झालं असतं.

मी बोलले नाही. ती रडत होती आणि मला बरं वाटत होतं. तिचा हेवा वाटतो मला. घड्याळाचा नाही, वहीचा. आणि तुझाही वाटतो, हे आज पहिल्यांदाच लिहिते. आबांनी सातवीनंतर शाळेतून माझं नाव काढलं, शेरडं राखायला कुणी नव्हतं आणि तू मुलगा होतास. मी पहिली आले होते.

काल एक ट्रक इतका अंगाला घासून गेला की छबूबाईच्या हातातलं घमेलं चाकाखाली चेपलं. ती म्हणाली, "कडू, ती घंटा आसती तर गं!" म्हणून आज हे पत्र लिहायला बसले.

यंत्र बिघडलेलं नाही. कॉलेजच्या अहवालात तसं लिहू नकोस, ते परत घेऊन ये. रांग कशी लावायची ते मी दाखवीन. आणि चूक कुणी शोधली हेही त्यात आलं पाहिजे. पुष्पावतीने स्वतःच्या हाताने त्या वहीत माझं नाव लिहावं. सासरचं नको, सोनईच्या शाळेत हजेरीपटावर होतं ते.

कडूबाई पुंजाराम दरंदले,
इयत्ता सातवी