रविवारच्या गटाचे काय करायचे

घडले ते असे :

१. ‘दालुयोंग’ या ऑनलाइन खेळातील आमच्या मंडळात शंभराहून जास्त सभासद घेता येत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये शंभर पूर्ण होते आणि शुक्रवारच्या संघाला आणखी एका तरबेज खेळाडूसाठी जागा हवी होती.

२. पंचेचाळीस दिवस खेळात न आलेल्या सभासदाला काढावे, हा मंडळाचा नियम चौथा. तो मी लिहिला. दर सोमवारी सकाळी सहा वाजता तो अमलात आणणारा छोटा प्रोग्रॅमही मीच लिहिला.

३. माझा मोठा भाऊ देल्फिन मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात ऑइलर आहे. जहाज ब्राझीलहून चीनला निघाले होते. वाटेत निरोप पाठवण्यापुरतेच इंटरनेट मिळते. सोमवार, ११ सप्टेंबर रोजी त्याला खेळात येऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते. प्रोग्रॅमने त्याला काढले.

४. मंडळाच्या कोठारातील त्याच्या वस्तू नियमाप्रमाणे सामाईक साठ्यात गेल्या आणि तेथून शुक्रवारच्या संघाला वाटल्या गेल्या.

५. शुक्रवार, १५ सप्टेंबर रोजी संघाने शेवटचा दैत्य पाडला. आमच्या सर्व्हरवर तो त्याआधी कुणीही पाडला नव्हता.

६. रविवार, १७ रोजी जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभे राहिले. देल्फिन खेळात आला. धाकट्या बहिणीला आमच्याकडे इंदाय किंवा नुसते दाय म्हणतात. त्याने मला लिहिले, “इंदाय, दार लागलंय. उघड ना.” मी ते लगेच वाचले.

७. मंगळवारी मी उत्तर दिले. उत्तरात नियम चौथ्याची प्रत होती. दुसरे काही नव्हते.

८. त्यानंतर देल्फिन खेळात आलेला नाही आणि माझ्याशी बोललेला नाही. आज दहा महिने पंधरा दिवस झाले.

मी, क्रिसेल्डा पालमारेस सुमागायसाय, वय २९, अविवाहित, राहणार सिलाय, नेग्रोस ऑक्सिदेंताल, साखर कारखान्यात उपकरण तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; नादुरुस्त आहे ती हृदयाची एक झडप. गुरुवार, २२ ऑगस्ट रोजी मनिलातील एका रुग्णालयात ती बदलायची आहे. डॉक्टरांनी धोक्याचा आकडा सांगितला. तो मोठा नाही, पण शून्यही नाही. हे लिहिण्याचा आग्रह मला कुणीही केलेला नाही. उलट नानाय, म्हणजे माझी आई, लिहू नको म्हणते. असले कागद तयार ठेवले की त्यांची गरज पडते, असे तिला वाटते.

कलम १. बचत. कायद्याने माझ्या मिळकतीचा अर्धा भाग आईचा आहे. उरलेला अर्धाही मी तिलाच देते. त्यातून स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलावेत. ते काम शेजारच्या नोंग बेर्तोला, म्हणजे बेर्तोदादाला, देऊ नये. मागच्या वेळी त्याने पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे खिळे खाचेत मारले. पाणी खिळ्याजवळूनच गळते, हे मी त्याला शिडीवर चढून दाखवले होते. तो म्हणाला, देवाचं पाणी आहे, कुठून तरी येणारच.

कलम २. हत्यारे. दाबमापक तपासण्याचा माझा हातपंप, संदर्भमापक आणि पान्यांची पेटी सहकारी जेमालिन दुमानकास हिला द्यावी. संदर्भमापक दर वर्षी तपासून आणावा. बरोबर दिसतो म्हणून सोडून देऊ नये. तीन नंबरच्या बॉयलरचा मापक खरा दाब दाखवत नाही. फोरमन नोंग इस्को यांना मी हे तीनदा लेखी कळवले आहे. ही चौथी वेळ.

कलम ३. संगणक, पडदा व खुर्ची. हे नानायला. तिला खेळता येत नाही, पण रविवारी ती माझ्या मागे स्टूल टाकून, सुकी मासळी भाजता भाजता उठून येऊन बसायची. जहाज बंदरात असले की देल्फिनचे पात्र पडद्यावर येई आणि तिच्याकडे तोंड करून वाके. ती पडद्याला विचारायची, जेवलास का, खोकला गेला का. मी ते लिहून पाठवायची. तो काहीतरी थट्टेचे उत्तर द्यायचा आणि मी ते वाचून दाखवायची. हे सहा वर्षे चालले. मी त्याला वेळ वाया जाणे म्हणत असे, कारण तेवढ्यात शुक्रवारच्या तयारीचे अर्धे काम झाले असते.

आता देल्फिन तिला फोन करतो. मी खोलीत असले तर ती फोन घेऊन अंगणात जाते. मे महिन्यात आत येऊन ती मला म्हणाली, “तो तुझं विचारत नाही, तू त्याचं विचारत नाहीस. मी काय दोघांच्या मधली भिंत आहे? माझे पाय दुखतात.”

माझ्या सांगण्यावरून तिने त्याला शस्त्रक्रियेबद्दल कळवलेले नाही. ते त्याला या कागदावरून कळेल.

कलम ४. जेथ्रो माग्बानुआ. शुक्रवारच्या संघाचा कप्तान, राहणार बाकोलोद, नोकरी कॉल सेंटरमध्ये, मला मानांग, म्हणजे ताई, म्हणतो. त्याला मी काहीही देत नाही. कारण नोंदवणे योग्य होईल.

मंडळ त्याने, देल्फिनने आणि मी मिळून काढले. शुक्रवारी दहा जणांचा संघ कठीण मोहिमेवर जातो. चार तास कुणी उठायचे नाही, कुणी किती घाव घातले याची नोंद ठेवायची, चूक ज्याची त्याच्या तोंडावर सांगायची. रविवारचा गट वेगळा. सुट्टी असेल, बंदर लागले असेल, मूल झोपले असेल तो येतो. आम्ही शुक्रवारवाले त्यांना ‘ओझे’ म्हणत असू. हा शब्द मी पहिल्यांदा वापरला असावा.

प्रोग्रॅममध्ये सूट देण्याची एक यादी होती. तिच्यात दोन नावे होती : एक बाळंतीण आणि एक अपघातात हात मोडलेला. देल्फिनचे नाव टाकायला दहा सेकंद लागले असते. ९ सप्टेंबर रोजी बैठकीत जेथ्रो म्हणाला, “मानांग, यादीत भाऊ घालणार असशील तर आधी सांग. मग मी माझी मावशी घालतो.” सगळे हसले. मीही हसले. नाव मी घातले नाही. तो भाऊ आहे म्हणूनच घातले नाही. दुसरा कुणी असता तर समुद्रावर आहे एवढे कारण मला पुरले असते.

यंदा जानेवारीपासून मला सलग चार तास बसवेना. बोलताना धाप लागते आणि ढाल धरणाऱ्याला वेळेवर सूचना मिळत नाही. हजेरी घसरली की राखीव बाकावर बसावे, हा नियम सहावा. फेब्रुवारीत जेथ्रोने मला बाकावर बसवले. म्हणाला, “मनावर घेऊ नकोस, मानांग. नियम तुझाच आहे.” ते खरे होते. तो वाईट माणूस नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार आहे, ती एवढीच की माझ्या जागी तो असता तर त्याने जे केले असते तेच मी केले.

कलम ५. रविवारचा गट. १० मार्च रोजी मी पहिल्यांदा एकटी रविवारच्या गटात गेले. शुक्रवारचा संघ ज्या दैत्याला सहा मिनिटांत पाडतो, त्याच्यापुढे ते सात वेळा मेले. एकदा मानांग पर्लितामुळे. त्या हाँगकाँगमध्ये घरकाम करतात आणि सुट्टीच्या दिवशी पुलाखाली पुठ्ठा अंथरून, मैत्रिणींच्या घोळक्यात बसून फोनवर खेळतात. कुणीतरी त्यांच्या हातात शेवयांचा वाडगा दिला आणि त्यांनी आम्हाला सोडून तो धरला. कुणी रागावले नाही. शेवया कसल्या, एवढे विचारले.

माझ्या लक्षात आले की ते नऊच जण जातात. मोहीम दहा जणांची आहे आणि तेव्हा सहा जण बाहेर थांबले होते. मी सांगितले, दहावा घ्या, निम्मा त्रास वाचेल.

“दहावी जागा तुझ्या भावाची आहे,” पर्लिता म्हणाल्या. “बंदर लागलं की येईल.”

मी म्हटले, त्याला सप्टेंबरमध्येच काढले आहे.

“ते तू काढलंस, दाय. आम्ही कुठं काढलं?”

त्या आठवड्यात मी कोठाराची जुनी नोंदवही उघडली. मोहिमेआधी संघ मासळीचा रस्सा घेतो. त्याने तासभर ताकद वाढते. मासे कुणीतरी खेळातल्या नदीवर तासन्‌तास बसून धरावे लागतात. शुक्रवारवाल्यांना तेवढी उसंत नसते, म्हणून मासे कुठून येतात हे आम्ही कधी विचारले नाही. १५ सप्टेंबरचा सगळा रस्सा देल्फिनच्या माशांचा होता. प्रत्येक बंदरात थोडे थोडे धरून त्याने ते एका पेटीत साठवले होते. पेटीवर त्याने नाव घातले होते : ‘इंदायच्या संघासाठी.’ तो देणारच होता ते आम्ही नियमाने काढून घेतले.

कलम ६. मंडळाचे प्रमुखपद. खेळातील खाते कंपनीच्या मालकीचे असते. ते मृत्युपत्राने देता येत नाही, याची मला जाणीव आहे. या कलमाशी न्यायालयाचा संबंध नाही. साक्षीदार मेर्लिंडा तुविल्या यांनी विचारले की हे कलम ठेवायलाच हवे का. हवे.

प्रमुखपद फक्त संस्थापकाला देता येते, आणि जिवंत प्रमुखाने स्वतःच्या हाताने द्यावे लागते. संस्थापक तीन : मी, देल्फिन, जेथ्रो. मी नव्वद दिवस खेळात आले नाही तर पद आपोआप मंडळातल्या दुसऱ्या संस्थापकाकडे, म्हणजे जेथ्रोकडे जाईल. माझे खाते माझ्यामागे दुसऱ्या कुणी चालवणे नियमात बसत नाही. कुणी चालवले तर जेथ्रो कंपनीला कळवेल. मीही कळवले असते.

पद मिळाल्यावर रविवारच्या गटाचे काय करशील, असे मी त्याला जूनमध्ये विचारले. त्याने खोटे सांगितले नाही. “काढीन. अडतीस जागा अडकल्यात, मानांग. त्यांना दुसरं मंडळ मिळेल की.” एकेकट्याला मिळेल. कधी येईन हे सांगू न शकणाऱ्या अडतीस जणांना मिळून घेणारे मंडळ माझ्या माहितीत नाही. मी सतरा ठिकाणी विचारले.

म्हणून शनिवार, २० जुलै रोजी मी पुढील गोष्टी केल्या. नियम चौथा रद्द केला. प्रोग्रॅम पुसला, त्याची प्रत ठेवलेली नाही. देल्फिनला मंडळात परत येण्याचे आमंत्रण पाठवले. ते तीस दिवस, म्हणजे रविवार, १८ ऑगस्टपर्यंत चालते. त्याने ते स्वीकारले की मी त्याच दिवशी प्रमुखपद त्याच्याकडे देईन. प्रमुखाने दर आठवड्याला यावे लागत नाही, नव्वद दिवसांत एकदा पुरते. त्याची आजवरची सर्वांत लांब फेरी त्रेसष्ट दिवसांची होती. मी तपासले आहे.

आणखी एक नोंद. नियम चौथा चुकीचा होता का, यावर मी अजून विचार करते. १९ सप्टेंबरचे माझे उत्तर चुकीचे होते, यावर विचार करण्यासारखे काही नाही.

कलम ७. इतर. मला तातायच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारी पुरावे. कारखान्याचा गणवेश घालू नये. या पत्राची अंमलबजावणी नोंग इस्को यांनी करावी. मापकांच्या बाबतीत ते ऐकत नाहीत, पण कागद जपून ठेवतात. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

सही : क्रिसेल्डा पी. सुमागायसाय
सिलाय, शनिवार, ३ ऑगस्ट २०२४

क्रिसेल्डाने प्रत्येक पानाच्या डाव्या समासात आणि शेवटी सही करताना आम्ही तिघे तिच्यासमोर होतो, आणि आम्ही सह्या केल्या तेव्हा ती आमच्यासमोर होती. आम्हा कुणालाही या पत्राने काही मिळत नाही.

रोदेल्यो पानिसालेस, पाळी अभियंता
मेर्लिंडा तुविल्या, परिचारिका, कारखाना दवाखाना
आर्सेनिओ बालिनास, भांडारपाल

एक प्रत जहाजाच्या एजंटामार्फत देल्फिन सुमागायसाय यास. वेळापत्रकाप्रमाणे जहाज १२ ऑगस्टला बंदराला लागते.

नोंग, होय असेल तर आमंत्रण स्वीकार. नाही असेल तर तसे लिही, म्हणजे पर्लिता आणि बाकीच्यांना मला वेळेत सांगता येईल. सोमवारी सकाळी मला दाखल करून घेतील आणि फोन काढून घेतील. रविवार, १८ ऑगस्टपर्यंत उत्तर दे.