चौदा ग्रॅम जास्त

४ जून २००७, सोमवार
आज सकाळी आंघोळ, पूजा आटोपून, कपाळाला अष्टगंध लावून शाळेत गेलो आणि आमच्या सुरभीचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आणला. यवतमाळच्या निवासी हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल अजून यायचा आहे. पण निकालाआधी दाखला काढला तर ती श्रद्धा. निकाल पाहून काढला तर नुसता व्यवहार. हेडमास्तर उत्तमसिंग राठोड सरांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "पुंडलिकराव, पोरगी हुशार आहे, पण तिथं तीनशेतून वीस घेतात जी. निकाल तर येऊ द्या." मी हसलो. मग म्हणाले, "सव्वीसला शाळा सुरू. तोवर दाखला परत आला तर ठीक. नाहीतर आठवीची जागा दुसऱ्या पोरीला द्यावी लागेल."
बिचारे. चांगली विद्यार्थिनी सोडून जाते तेव्हा गुरुजींना लागतंच.
दाखला देवघरात महाराजांच्या फोटोमागे ठेवला.

५ जून
माहितीपत्रक पुन्हा वाचलं. निकाल दोन वाटांनी येतो. शाळेला यादी, घराला पाकीट. यादी दारावरच्या बोर्डावर लागते, ती सारं दिग्रस पाहतं. पाकीट पालकाचं. मी पाकिटाचीच वाट पाहणार. बोर्डासमोर गर्दीत टाचा उंच करणं मला शोभत नाही.
बाकी काम नाही. यंदा कापूसच एवढा कमी की आमच्या जिनिंग कारखान्याचा वजनकाटा मार्चमध्येच झाकून ठेवला.

८ जून, शुक्रवार. दुपारी ४
पाकीट आलं!
आमच्या गल्लीचं टपाल पोस्टमन स्टँडवरच्या मुख्तारभाईच्या सायकल दुकानात टाकून जातो. त्याच्या मुलीनं, जेबानंही हीच परीक्षा दिली. दोन्ही पाकिटं एकदमच आली. जेबाचं पातळ. सुरभीचं चांगलं गुबगुबीत. मुख्तारभाईनं आपलं तिथंच फाडलं, वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि माझ्याकडं पाहत राहिला. मी समजलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तुलनेला जेबाचं पाकीट मागून घेतलं. ते त्यानं खिशातून काढून आतल्या कागदासकट दिलं, पण मी वाचलं नाही. दुसऱ्याचं दुःख वाचू नये.
थेट हंसाबाईच्या किराण्यात. तिच्याकडं वेलदोडे मोजायचा छोटा काटा आहे. जेबाचं अकरा ग्रॅम. सुरभीचं पंचवीस. चौदा ग्रॅम जास्त! नापास करायला एक चिठ्ठी पुरते. पास झालेल्याला फॉर्म, वसतिगृहाचे नियम, गणवेशाची यादी, सगळं पाठवावं लागतं. बावीस वर्षं काट्यावर बसतो मी. गाडी फाटकातून आत येतानाच वजन सांगतो.
हंसाबाई म्हणाली, "भाऊ, हवा दमट हाये. कास्तकाराच्या कापसातून ओलाव्याचं वजन कापता, यातून नाही कापत काय?" बाई अडाणी आहे.

रात्री
पाकीट उघडायचं नाही. अधिक महिना चालू आहे, पंधरापर्यंत. शुभ गोष्ट शुभ वेळीच. तोवर निकालाचा विषय घरात कोणी काढायचा नाही, असा नेम केला. पाकिटाला हळद-कुंकू वाहिलं.

९ जून
सुरभीची आई लीलाबाई बाजारातून आली ती बोलतच. "ऐकता का, शाळेच्या बोर्डावर..." मी हात वर केला. नेम. ती म्हणाली, "नेम तुमचा, अन् तोंड आमचं बंद."
सुरभी बाहेरून आली. हातपाय धुतले, बराच वेळ चेहरा धुतला. मग विचारलं, "बाबा, दाखला कुठं ठेवला?" पोरीला यवतमाळची घाई झाली आहे. सांगितलं, महाराजांकडं सुरक्षित आहे.

११ जून
मुख्तारभाईला धीर द्यायला गेलो. ईश्वराची इच्छा, संयम, अपयशातून माणूस घडतो, असं अर्धा तास बोललो. तो पंक्चर काढता काढता ऐकत होता. मधे दोनदा म्हणाला, "भाऊ, मले जरा बोलू द्या." मी बोलू दिलं नाही. अशा वेळी माणसानं मन मोकळं केलं की रडू येतं. शेवटी त्यानं चहा मागवला. फार सोसतो बिचारा.

१६ जून, शनिवार
अधिक महिना संपला. पण आज शनिवार.

१८ जून
सोमवारचा उपास. रिकाम्या पोटी मोठा आनंद झेपत नाही.
सुरभीनं पुन्हा दाखल्याचं विचारलं.

२१ जून, गुरुवार
आज नक्की. आंघोळ केली, पाकीट हातात घेतलं. डिंक फार घट्ट लावला आहे. ब्लेड सापडेना. लीलाबाईनं विळी आणून दिली. देवापुढच्या वस्तूला विळी? परत ठेवलं. ती म्हणाली, "निदान शाळेकडून एक चक्कर तरी मारून या." कशाला? त्या रस्त्याला ऊन फार असतं. हल्ली मी बाजाराला पण मागच्या गल्लीतूनच जातो.

२३ जून, शनिवार
मुख्तारभाईच्या दुकानात नवी पत्र्याची पेटी. वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: जेबा, इयत्ता आठवी, यवतमाळ. रंग ओला होता.
मी पेटीकडं पाहिलं. मुख्तारभाईनं हातातल्या पान्याकडं पाहिलं. म्हणाला, "माफ करा भाऊ. ती आठ तारखेलेच पास झालती. पन तुम्ही मलेच धीर देऊन राह्यले होते. मंग मी कोन्त्या तोंडानं सांगू?"
मुबारक म्हणालो. पेढा खाल्ला. घरी येताना हिशेब मांडला. अकरा ग्रॅमवाली पास, तर पंचवीस ग्रॅमवाली पहिल्या नंबरात असणार. बहुतेक शिष्यवृत्ती.
तरी रात्री जेवण गेलं नाही.

२४ जून, रविवार
उघडलं. वार पाहिला नाही.
आत दोन कागद. एक चार ओळींचा: निवड होऊ शकली नाही. दुसरा गुळगुळीत, जाड, रंगीत, तीन घड्यांचा: नापास विद्यार्थ्यांसाठी त्याच शाळेच्या सराव वर्गाची जाहिरात. चौदा ग्रॅम.
सुरभीला जवळ बसवलं. ईश्वराची इच्छा, संयम, असं सुरू केलं. ती म्हणाली, "बाबा, मले नऊ तारखेलेच मालूम हाये. बोर्डावर जेबाचं नाव होतं. माह्यं नव्हतं."
"मग सांगितलं काहून नाही?"
"तुम्ही बोलू कुठं देत होते? अन् रोज त्या पाकिटाले फूल वाहून राह्यले होते. मले वाटलं, राहू द्या." मग म्हणाली, "दाखला द्या ना आता. परवा शाळा हाये."
दोन आठवडे ती एवढंच मागत होती.

२६ जून, मंगळवार
निर्जला एकादशी. सुरभीला घेऊन समोरच्या रस्त्यानंच शाळेत गेलो. ऊन नव्हतं. बोर्डावर यादी अजून होती, पावसानं शाई उतरलेली.
राठोड सरांना विचारलं, जागा गेली का? ते म्हणाले, "कशी जाईल? ही पोरगी निकाल लागल्यापासून रोज अकरा वाजता ऑफिसात येऊन विचारायची, सर, माझी जागा दिली नाही ना? मी म्हणायचो, दाखला आण. ती म्हणायची, बाबांचा नेम आहे."
अर्ज करावा लागेल म्हणाले. विषय: दाखला परत घेण्याबाबत. कारण म्हणून मी 'अधिक मास' लिहिलं. सर म्हणाले, हे चालत नाही. खोडून 'निवड झाली नाही' लिहिलं. सुरभी दारात उभी राहून पाहत होती. तेही खोडलं. लिहिलं, 'वडिलांनी आधी घाई केली व नंतर उशीर.'
सही केली. दाखला टेबलावर ठेवला.