जोडावरची लाल रेघ

१ ऑक्टोबर १९८४, भांडुप

नोकरी लागली आणि वर खोलीही मिळाली! टेकडीच्या पायथ्याशी, पंपघराच्या मागे, एकटीच खोली. दाराला गोल मुठीचं लॅच, बाहेरून किल्ली, आतून मूठ, म्हणजे आपण एकदम साहेब. लालबागला दहा जणांत अंग चोरून झोपणारा मी आज ऐसपैस लोळलो. बायको सुगंधा आणि पोरगी चंपा रविवारी मालवणहून येतील. दुसरी किल्ली मेहुण्याबरोबर आजच सुगंधाला धाडली.

काम पाईप जोडण्याचं. लोखंडी कपलिंगमध्ये दोन्ही बाजूंनी पाईप सारायचे आणि बोल्ट आवळायचे. कपलिंगचे दात तिरके असतात. पाईप आत जातो, पण बाहेर येत नाही आणि जागच्या जागी फिरतही नाही. शेवटी जोडावरून लाल रंगाची रेघ ओढायची, अर्धी पाईपावर, अर्धी कपलिंगवर. पाईप फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रंगाचा डबा कॉस्मसकडे असतो. हा इथला जुना फिटर, गावठाणातला ख्रिस्ती, जिभेने तिखट पण माणूस चांगला. त्याची एकही रेघ आजवर तुटली नाही म्हणे. म्हटलं, झकास!

३ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा केली. कुंकू आणायचंच विसरलो. बायको जवळ नसली की असंच होतं. मग कॉस्मसच्या डब्यात बोट बुडवून पान्याला आणि पाईप आवळून धरायच्या वाइसच्या दांड्याला गंध लावलं. खोलीच्या दारालाही मुठीवरून चौकटीपर्यंत ओढलं. तेवढ्यात हनुवटीखाली डास चावला. खाजवलं तर तिथेही रेघ उमटली.

कॉस्मस भडकला. "अरे येड्या, जे फिरायला नको त्यालाच तो रंग लावतात रे!" मी हसलो. त्याला आमच्या गंधाचं काय कळणार?

४ ऑक्टोबर, दसरा

रंग घासलेटनेही निघत नाही. पान्याचं चाक जाम. वाइसचा दांडा दोघं लोंबकळलो तरी हलेना. कॉस्मस म्हणाला, दाराचं लॅच आजच्या आज काढ. पण सुगंधाला दाखवायची हौस आहे ना! म्हटलं, बघू. दुपारी तो लग्नाला वसईला गेला. आता सोमवारपर्यंत इथे मी आणि पंप.

५ ऑक्टोबर

बाजारातून चंपासाठी बाहुली आणली. किल्लीने दार सहज उघडलं. आत आलो, दार ओढून घेतलं. आता आतून मूठ फिरत नाही. हातोडी मारून बोटं सोलली.

मांजर खिडकीच्या गजांतून आत आलं. त्याच गजांतून त्याला बाहेर जाता येईना. मघापासून केकाटतंय. मी हात घातला, तर माझाही गजांपुढे जाईना. गजांच्या पलीकडे काहीच नाही, तरी जाईना. मान आखडलीय.

६ ऑक्टोबर

मान वळतच नाही. बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. आरशात पाहिलं. रेघ वाढलीय, ओठापासून गळ्यापर्यंत. तोंड उघडत नाही.

खिडकीतून चिठ्ठी फेकली. माझ्याच पायाशी पडली. पुन्हा फेकली — पुन्हा पायाशी.

आत येतं. बाहेर जात नाही. आणि किल्ली सुगंधाकडे आहे. मीच धाडली. देवा, मीच! मला माझी भीती नाही, त्या दोघींची वाटते. पोरगी पाच वर्षांची आहे हो.

७ ऑक्टोबर

मांजर गप्प झालं. डोळे उघडे, मान ताठ. रंग त्याला कोणी लावला नव्हता.

दार आतून लावायला कडी नाही. खाट लावून काय उपयोग, दार बाहेर उघडतं. मुठीला दोरी बांधून ओढून धरली होती — मनगटावर रेघ उमटली. बोटं सुटतायत. पेन वळत नाही, नुसता सरळ ओढतोय —

चंपा हसतेय. पायरीवर.

दार वाजवू? वाजवलं तर उलट घाईने उघडेल.

सुगंधा हाक मारतेय. "अवो, आसात मां घरात?"

जा गं. जा. तिला घेऊन जा —

चंपाला किल्ली दिलीय. तिलाच उघडायचंय म्हणे. लागत नाहीय तिला. नको लागू दे, देवा, नको —

लागली. अजून फिर